चाळीस की बत्तीस

४ जानेवारी

दुर्बीण देऊन टाकणार म्हणे! सकाळी चहा पिता पिता बाबांनी सांगितलं, जणू जुनी वर्तमानपत्रं रद्दीत घालायचीत. "शाळेशी बोलणं झालंय. तीस तारखेला येऊन घेऊन जातील." एवढं बोलून चहावरची साय चमच्याने काढत बसले.

मी म्हटलं, कोणती दुर्बीण? घरात एकच आहे, तरी म्हटलं.

सहा इंची आरसा. तो बाबांनी स्वतः घासला — मी आठवीत होते तेव्हा, मागच्या खोलीत, पिंपावर काच ठेवून, पिंपाभोवती गोल गोल फिरत, चार महिने. आई म्हणायची, घाण्याला जुंपलेला बैलसुद्धा रविवारी सुटी घेतो. नळी सोडली तर बाकीचा प्रत्येक भाग त्यांच्याच लेथवर झालेला. पस्तीस वर्षं टर्नर होते. कागदाची जाडी बोटाच्या चिमटीत धरून सांगायचे आणि मोजली तर बरोबर निघायची! आता तोच उजवा हात दोन वर्षं थरथरतोय. गोळ्या चालू आहेत. थरथर वाढत नाही, जातही नाही.

"का?" विचारलं तर म्हणाले, "धूळ खात पडण्यापेक्षा बरं." विषय संपला.

कापडाच्या तीस थरांवर कटर चालवताना डोक्यात दुसरं काही असू नये. आज होतं. बोटं शाबूत आहेत, पण एक खिसा तिरका कापला गेला. म्हणजे तीस खिसे.

५ जानेवारी

का ते मला माहीत आहे.

गेल्या वर्षी मोठं आयपीस त्यांच्या हातून निसटलं. गच्चीच्या कठड्यावरून सरळ खाली, तीन मजले. मी धावत जाऊन तुकडे वेचून आणले. त्यांनी तळहातावर घेऊन पाहिले. तेव्हापासून गच्चीवर जाणं कमी कमी होत बंदच झालं.

६ जानेवारी

धाकटीचा फोन. बहीण माझी, पण लग्न होऊन लांब गेल्यापासून फोनवर थोरलीसारखी बोलते. "देऊ दे की! एवढं काय त्यात? आणि एक भिंग फुटलं तर बाकीची आहेत ना?"

तिला समजावता समजावता मलाच नीट कळलं. आयपीस म्हणजे जिथे डोळा लावायचा ते भिंग. ते बदललं की आकाश जवळ येतं, नाहीतर रुंद होतं. फुटलं ते रुंद दाखवणारं होतं. उरलीत ती दोन्ही जवळ आणणारी — दहाचं आणि सहाचं, भिंगावर मिलिमीटरचा आकडा असतो तो. त्यांतून आकाशाचा एवढासा ठिपका दिसतो. ताऱ्यावर नेम धरायचा तर हात दगडासारखा स्थिर हवा. बाबांचा हात लागला की तारा गेलाच! आणि डोळा भिंगाला चिकटवायला लागतो, म्हणून चष्मा काढायचा. चष्मा काढला की दुर्बिणीची नळी कुठे रोखलीय ते दिसत नाही. पुन्हा घालायचा. तोवर आकाश सरकलेलं असतं. मी शोधून देते म्हटलं तर — "दाखवू नकोस. शोधायचं असतं ते."

"मग नवं रुंद भिंग घेऊन टाक," धाकटी म्हणाली.

उंटावरून शहाणपण सांगायला हिचं काय जातं! पण बरोबर बोलली.

ठरलं. तीस तारखेच्या आत बाबांनी स्वतःच्या हाताने एक तारा शोधायचा. मग देतात कशी दुर्बीण ते बघते.

९ जानेवारी

कामावरून परस्पर चष्म्याच्या दुकानात. दर्शनी भागात चष्मे, मागच्या काचेच्या कपाटात दुर्बिणी आणि त्यांचे सुटे भाग. मालक साठीचे, स्वतःच्या नाकावर दोरा बांधलेला चष्मा. बाबा त्यांना भिंगवाले म्हणतात, मीही तेच म्हणते, ते ऐकून घेतात.

मी म्हटलं, कमी शक्तीचं हवंय, तेव्हा लहान आकड्याचं दाखवा.

"उलटं, ताई! आकडा मोठा, तशी वाढ कमी."

हे मला लगेच पटलं. धाग्याचंही तसंच — नंबर मोठा तसा धागा बारीक. त्यांना सांगितलं तर इतके खूश झाले की चहा मागवला.

मग एकेक काढून दाखवायला लागले. एक मनगटाएवढं जाड, रुंदच रुंद दाखवणारं. किंमत ऐकून मी ते दोन्ही हातांनी परत ठेवलं. शिवाय बाबांच्या दुर्बिणीत भिंग बसतं ते भोक सव्वा इंचाचं, त्यात ते जायचंच नाही. दुसरं फिरवलं की आकडा बदलणारं — "एकात सगळी!" मी त्यातून रस्त्यापलीकडे बघितलं. मोठ्या आकड्यावर नेलं की दृश्य अरुंदच होत जातं. फ्री साइजचे कपडे असतात ना, कुणालाच न बसणारे, तसं. नको.

उरली दोन साधी, परवडणारी, सव्वा इंचाची. बत्तीस आणि चाळीस. किमतीत उन्नीस-बीस.

भिंगवाले म्हणाले, "बत्तीस न्या."

आता आमच्या धंद्याचा पहिला धडा: शंका आली की माप सैल धर. सैल असेल तर आत घेता येतं, तोकडं झालं तर कापड कुठून आणणार? वीस वर्षांत या नियमाने मला कधी दगा दिलेला नाही.

मी चाळीस घेतलं. भिंगवाले काहीतरी सांगायला लागले होते. मी पैसे पुढे केले.

१० जानेवारी

ढग.

११ जानेवारी

ढग. भिंग माझ्या कपाटात, ओढण्यांच्या खाली. दोनदा काढून बघितलं. वजन छान आहे.

१२ जानेवारी

रविवार. बाबा दुपारचे झोपले आणि मी चोरासारखी गच्चीवर. दुर्बिणीवरची चादर काढली. पलीकडच्या इमारतीवर पाण्याची टाकी आहे, तिला लोखंडी शिडी. त्या शिडीवर नळी रोखली — या दुर्बिणीतून सगळं उलटं दिसतं, शिडी आकाशातून खाली लोंबकळत होती. जुन्या दहाच्या भिंगातून एका वेळी शिडीच्या पाच पायऱ्या दिसल्या. मग चाळीस लावलं. सोळा!!

नाचावंसं वाटलं. एकटीच होते, म्हणून थोडी नाचलेही.

एकच खुपलं. दृश्य लांब बोगद्याच्या टोकाला असल्यासारखं वाटतं. भोवती काळं खूप. आणि डोळा कुठे ठेवायचा ते कळत नाही. जवळ नेला की काळं, लांब नेला की पुन्हा काळं. हवेत अधांतरी, एका ठरावीक जागी धरला तरच दिसतं. सवयीने जमेल म्हणा.

१४ जानेवारी

नाही जमलं. मला नव्हे, त्यांना.

संध्याकाळी जेवणाआधी म्हटलं, बाबा, गच्चीवर चला, एक गंमत आहे. आले! भिंग बघितलं. हातात घेऊन फिरवलं, डाव्या हाताने, उजवा पाठीमागे ठेवून. "किती गं खर्च करतेस," म्हणाले, पण डोळे हसत होते. चंद्र पुरता वर आला होता, जवळजवळ वाटोळा. आजच्या दिवस म्हणून मीच नळी त्याच्यावर नेली.

त्यांनी चष्म्यासकट डोळा लावला. मान किंचित हलते त्यांची, हल्ली. मला माहीत होतं, पण आज बाजूला उभं राहून बघताना कळलं किती हलते ते. "दिसला… गेला… दिसला… काळं आलं." असं पाच मिनिटं. मग सरळ झाले. चष्मा पुसला, नीट घडी घालून खिशात ठेवला.

"चांगलं आहे. तुझ्यासाठी चांगलं आहे."

ओरडले असते तर बरं झालं असतं.

खाली आल्यावर मी भांडी इतक्या जोरात घासली की एका पातेल्याची कडी हातात आली. रडले थोडी. पातेल्यासाठी नाही.

१५ जानेवारी

कामावर मुली विचारतात, "मास्तर, काय झालं?" मी कटिंग मास्तर, म्हणून सगळ्या मास्तरच म्हणतात, बाई असले तरी. म्हटलं, माप चुकलं. सगळ्यांची मशिनं थांबली! माझं माप चुकलं म्हणजे उद्या सूर्य पश्चिमेला उगवायचा.

१६ जानेवारी

झोपण्याआधी एक गोष्ट सुचली, ती लिहून ठेवते. कपडा बसला नाही की आपण गिऱ्हाइकाला दोष देत नाही. गिऱ्हाईक अंगात घालून कसं उभं राहतं, कसं वाकतं ते बघतो. मी चाळीस बघून घेतलं ते माझ्या डोळ्याने. माझी मान हलत नाही. मला दुर्बिणीशी चष्मा लागत नाही. म्हणजे माप घेतलं माझं आणि कपडा शिवला बाबांचा!

१८ जानेवारी

शनिवार, अर्धा दिवस. दुपारी गच्चीवर. बाबांचा जुना चष्मा घातला आणि मान मुद्दाम हलवत चाळीसमधून बघत बसले. कुणी बघितलं असतं तर औषध बाबांच्या ऐवजी मला सुरू केलं असतं.

कळलं. या भिंगात डोळा इतका लांब धरावा लागतो की टेकायला काहीच नाही. मान जरा हलली की काळं. बाबांना डोळा टेकवायला जागा हवी — चष्म्याची काच भिंगाच्या कडेला हलकेच लागून राहील अशी. दहाचं भिंग फार जवळ बोलावतं, चाळीसचं फार लांब उभं करतं.

तशीच दुकानात गेले, भिंग घेऊन. भिंगवाल्यांना सगळं सांगितलं. त्यांनी बत्तीस काढून समोर ठेवलं. "त्या दिवशी हेच सांगत होतो, ताई. पण तुम्ही पैसे इतक्या घाईने दिलेत की मी घेतले."

"पण मग रुंद कमी दिसेल ना?"

"आधी बघा. सोमवारपर्यंत दोन्ही ठेवा. नको ते परत आणा."

भला माणूस!

१९ जानेवारी

शिडी. बत्तीस लावलं. मोजल्या. सोळा.

पुन्हा चाळीस. सोळा.

पुन्हा बत्तीस. सोळाच! फक्त पायऱ्या मोठ्या, उजळ आणि बोगदा गायब. खिडकीतून वाकून बघावं तसं. रबराची कड आहे, ती दुमडली की चष्म्याची काच तिच्यावर आरामात टेकते. मान हलवली — दृश्य थोडं डुललं, पण राहिलं.

मग चाळीसमध्ये जास्त काय होतं? काहीच नाही?

२० जानेवारी

भिंगवाल्यांना हेच विचारलं. त्यांनी दोन्ही भिंगं पालथी केली. बुडाशी नळी सारखीच, सव्वा इंच. "आकाश आत येणार ते या भोकातून. भोक तेवढंच, तर आकाशही तेवढंच. बत्तीसलाच ते काठोकाठ भरतं. पुढे आकडा कितीही वाढवा, तेच आकाश आणखी बारीक होऊन दिसणार."

बाही कितीही ढगळ कापा, मनगटाशी पट्टी आवळलेली असेल तर हात बाहेर यायचा तो तिथूनच! वीस वर्षं बाह्या कापतेय मी. आणि सैल ते बरं म्हणून चाळीस घेऊन आले! दुकानातच हसायला लागले. भिंगवाले आधी घाबरले, मग तेही हसले. चाळीस परत घेतलं, वरचे पैसे पण परत दिले.

आता भिंग आहे. बाबांना गच्चीवर कसं न्यायचं? "तुझ्यासाठी चांगलं आहे" म्हणून एकदा मोकळे झालेत. पुन्हा बोलावलं तर येणार नाहीत. हट्टाला माझे बाबाच शोभतात. म्हणजे मीही.

२२ जानेवारी

धाकटी म्हणते, "रडून बघ." हिचं सगळं असंच चालतं. आणि चालतं!

२४ जानेवारी

युक्ती सापडली. साधी आहे. बाबांसमोर चुकीचं माप बोलायचं.

२५ जानेवारी

आज झालं. सगळं लिहिते, काही राहायला नको.

दुपारी चार वाजता, ते जागे होऊन बसले होते. मी मुद्दाम मोठ्याने वहीत लिहीत बोलले, "नव्या भिंगातून शिडीच्या सोळा पायऱ्या. दोन पायऱ्यांत एक फूट अंतर. म्हणजे भिंगात वीस फूट मावतात."

"सोळा पायऱ्यांचे वीस फूट?" आतून आवाज.

"अंदाजे."

"अंदाजे म्हणजे काय? सोळा पायऱ्या म्हणजे अंतरं पंधरा. आणि त्या शिडीत एक फूट नाही, जास्तीत जास्त अकरा इंच असेल."

"असेल बाई. मला काय कळतं."

खुर्ची सरकल्याचा आवाज. मग चपला. मी मान वर केली नाही, हसू आलं असतं.

गच्चीवर गेले ते तडक दुर्बिणीपाशी. चष्मा काढायला हात गेला. मी म्हटलं, राहू दे, याला चालतो. माझ्याकडे एकदा बघितलं. वाकले. काच रबरावर टेकली. उजवा हात नळीवर ठेवला, नळी थरथरली. पण शिडी पळाली नाही! झुलत राहिली जागच्या जागी.

कितीतरी वेळ मोजत होते. मग म्हणाले, "सोळा नाहीत."

"मग?"

"साडेसोळा. वरची अर्धी दिसतेय. खालची, म्हणजे. हे उलटं दाखवतं ना."

एवढं समाधान त्यांच्या तोंडावर मी आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. मुलीचं माप अर्ध्या पायरीने चुकलं याचं!

मी खाली यायला निघाले तर म्हणाले, "अंधार पडेपर्यंत थांबतो." मी शाल आणून दिली आणि आमच्याच गच्चीवरच्या टाकीच्या आडोशाला बसले, काही न बोलता. तोंड बंद ठेवायला मला किती कष्ट पडतात ते मलाच माहीत. उजेड गेला, पहिले तारे आले. ते चष्मा घालूनच वर बघत होते. नळी फिरवली. डोळा लावला. नाही. पुन्हा वर बघितलं. चष्मा काढणं नाही, घालणं नाही. नळी थोडी वर. डोळा. नाही. हात थरथरत होता, पण या भिंगात तारा हातातून सुटला तरी काठापाशी सापडतो, पुन्हा मधे आणता येतो.

तिसऱ्यांदा. चौथ्यांदा.

मग पुन्हा वर बघणं नाही. ते वाकलेले, तसेच.

"कृत्तिका," म्हणाले. नुसतं एवढंच, अगदी हळू, जणू मोठ्याने बोललं तर उडून जातील. मग, "अगं, सगळ्या आहेत. ये. बघ ये."

मी बघितलं. गच्च निळे ठिपके, मधोमध. मी काहीच शोधलं नव्हतं, नळीला हातही लावला नव्हता. मला खूप आनंद झाला. इतका की जेवायला उशीर झाला.

२६ जानेवारी

आजही गेले वर. मला बोलावलंसुद्धा नाही!

२७ जानेवारी

मृगाच्या तलवारीतला तेजोमेघ. स्वतः शोधला. जेवताना त्याच्यावर अर्धा तास बोलले, घास हातातच. गोळी घ्यायची आठवण करायला गेले तर म्हणाले, "घेतली. तू तुझं बघ."

शाळेचा विषय नाही. मीही काढत नाही. माणूस रोज गच्चीवर जातोय, तो काय दुर्बीण देणार आहे! पण तीस तारीख तीन दिवसांवर आली.

२८ जानेवारी

आज मीच शाळेत फोन केला. बाबांना न सांगता — त्यांना नाही म्हणायला संकोच होत असेल, आपण म्हणून टाकावं. कारकुनाने उचलला. निरोप ठेवला: दुर्बीण द्यायची नाही, परवा गाडी पाठवू नका. हलकं वाटलं. मुलींना सुटीनंतर केक खाऊ घातला. "मास्तर, कसला?" म्हटलं, माप बरोबर आलं.

२९ जानेवारी

बाबा दिवसभर दुर्बीण पुसतायत. आरशावर फुंकर मारून धूळ उडवली, स्क्रू आवळले. मी म्हटलं, आता कशाला एवढं? म्हणाले, "स्वच्छ असावं." जीव जडलाय पुन्हा. धाकटीला सांगितलं, जिंकले मी.

३० जानेवारी

गाडी आली. मुख्याध्यापिका बाई स्वतः उतरल्या. मी दारातच म्हटलं, निरोप मिळाला नाही का, दुर्बीण द्यायची नाहीये. बाई गोंधळल्या. "अहो, दुर्बीण आम्ही मागितलीच नव्हती! आम्ही त्यांना मागितलं होतं, आठवड्यातून एक संध्याकाळ मुलांना आकाश दाखवायला. ते म्हणाले, मला आता काही सापडत नाही, माझ्याऐवजी ती घेऊन जा. आणि परवा रात्री त्यांचाच फोन — मीही येतो म्हणून." मागे वळून बघितलं तर बाबा इस्त्रीच्या शर्टात, भिंग रुमालात गुंडाळून डाव्या हातात धरलेलं.

मी महिनाभर ती दुर्बीण घरात ठेवायला धडपडत होते!

दुर्बीण मागे ठेवून बाबा गाडीत पुढच्या सीटवर बसून गेले. काच खाली करून म्हणाले, "जेवायला थांबू नकोस." थांबले आहे. साडेआठ झाले. अजून आले नाहीत.